गंजाची किमया : सिलिकॉननंतर काय?

वाङ्मय मंडळाच्या अंकात कॉम्प्युटरच्या चिपवर अभ्यासलेख कशाला, हा प्रश्न आमच्या वर्गातूनच आला. उत्तर साधं आहे. 'सिलिकॉनचं युग संपलं', 'आता ग्राफीनची चिप येणार', 'क्वांटममुळे सगळं बदलणार' अशा बातम्या आपण सगळेच फोनवर वाचतो, दुसऱ्यांना पाठवतो आणि विसरतो. त्यातलं खरं किती, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. शब्दाचा अर्थ कुठपर्यंत ताणलाय, वाक्यात काय सांगितलंय आणि काय गाळलंय, हे बघायला आम्हाला शिकवतात. तीच सवय या बातम्यांना लावून बघायची, एवढाच या लेखाचा हेतू. गणित लागणार नाही. दहावीनंतर विज्ञान सोडलेल्यांनीही शेवटपर्यंत यावं.

१. आधी शब्द

ज्यातून वीज सहज वाहते तो सुवाहक : तांबं, चांदी, अॅल्युमिनियम. जो वाहू देत नाही तो दुर्वाहक : काच, रबर, सुकं लाकूड. या दोघांच्या मधला तो अर्धवाहक. या शब्दाने थोडी फसगत होते. अर्धवाहक म्हणजे अर्धी वीज वाहून नेणारा असं वाटतं. खरं म्हणजे तो आपल्या सांगण्यावरून कधी वाहू देणारा आणि कधी अडवणारा पदार्थ आहे. शुद्ध सिलिकॉन तसा मुखदुर्बळ असतो. त्यात फॉस्फरस किंवा बोरॉनचे अगदी थोडे अणू मिसळले की त्याची वागणूक बदलते. भांडंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तसंच.

अशा पदार्थातून घडवलेला विजेचा नळ म्हणजे ट्रान्झिस्टर. एका बाजूने इलेक्ट्रॉन आत येतात, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात आणि मधे एक तोटी असते. तिला गेट म्हणतात. गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये दुर्वाहकाचा पातळ पडदा असतो, त्यामुळे गेट सिलिकॉनला शिवत नाही. पडद्याआडूनच ते हुकूम देतं : वाहा किंवा थांब. वाहिलं की एक, थांबलं की शून्य. १९७१ साली इंटेलने काढलेल्या ४००४ या चिपमध्ये असे सुमारे २,३०० नळ होते. अॅपलच्या २०२० च्या एम-१ चिपमध्ये ते १,६०० कोटी होते.

गंमत बघा, आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी 'ट्रान्झिस्टर' म्हणजे रेडिओ. "ट्रान्झिस्टर लाव रे, बातम्या लागतील." आतल्या एवढ्याशा भागाचं नाव अख्ख्या पेटीला चिकटलं. भाषा नवी वस्तू अशीच आपलीशी करते, कधी शब्द उसना घेऊन आणि कधी घरातलाच शब्द नव्या कामाला लावून. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने गोव्यात मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ साली छापून आलं. त्यात स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा इथल्या वाचकाच्या ओळखीचा शब्द घेतला. आपल्यापुढे आज त्याहून बरंच साधं काम आहे. 'ट्रान्झिस्टर' आणि 'चिप' राहू द्यात, पण आत काय चाललंय ते मराठीत सांगता आलं पाहिजे.

२. सिलिकॉन जिंकला कसा?

पुष्कळांना वाटतं, चिप आणि सिलिकॉन यांची गाठ जन्माचीच. तसं नाही. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, तो जर्मेनियमचा होता. १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी एकाच तुकड्यावर अख्खं सर्किट बसवून दाखवलं, तेही जर्मेनियमवर. त्याच्याही कितीतरी आधी आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक, विद्युतलहरी टिपायला वापरला होता. त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. म्हणजे या घरात सिलिकॉन आधीपासून नव्हता. तो मागून आला आणि मालक झाला.

कसा झाला? जर्मेनियममधून इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा जास्त चपळाईने पळतात. वेगाच्या शर्यतीत जर्मेनियमच पुढे होता. पण त्याच्या दोन खोडी होत्या. तापला की तो ऐकेनासा होई, बंद केलेला नळही गळायला लागे. दुसरी खोड जास्त महागात पडली. ती समजायला लालबागेत यावं लागेल.

आम्ही इंदूरच्या लालबागेत राहतो. होळकरांच्या लालबाग राजवाड्याची मोठी लोखंडी फाटकं लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर इंग्लंडहून घडवून आणलेली आहेत. लोखंडाचा शत्रू आपल्याला माहीत आहे : गंज. लोखंडाचा हवेतल्या ऑक्सिजनशी आणि ओलाव्याशी संयोग होतो, तांबडी पापडी धरते, ती सुटते, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. रंगाचा हात थांबला की फाटकाचं आयुष्य कमी झालंच म्हणून समजा.

ऑक्सिजनशी संयोग जर्मेनियमचाही होतो आणि सिलिकॉनचाही. या थराला आपण सोयीसाठी 'गंज' म्हणू. जर्मेनियमचा नेहमीचा गंज पाण्यात विरघळतो. चिप बनवताना चकती कितीदा तरी धुवावी लागते, आणि प्रत्येक धुण्यात पडदाच वाहून जाऊ लागला तर काम कसं चालणार? सिलिकॉनचा गंज म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. साध्या भाषेत ती काचच. तो पाण्यात जात नाही, पापडी होऊन सुटत नाही, खालच्या सिलिकॉनला घट्ट धरून बसतो आणि उत्तम दुर्वाहक असतो. मघाशी गेटखालचा पडदा म्हटलं ना, तो बाहेरून आणून बसवायचीही गरज नाही. चकती ऑक्सिजनमध्ये तापवली की तो आपोआप उगवतो. १९५९ मध्ये बेल प्रयोगशाळेतच मोहम्मद अटाला आणि डॉवन काँग यांनी हा पडदा वापरून जो ट्रान्झिस्टर बनवला, त्याचाच वंश आज आपल्या खिशात आहे.

तेव्हा लक्षात ठेवायची गोष्ट ही. सिलिकॉन वेगामुळे जिंकला नाही, गंजामुळे जिंकला. स्वस्ताई मदतीला होतीच : पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनखालोखाल सिलिकॉनच आहे, वजनाने सुमारे २८ टक्के. पण एखादा पदार्थ एका गुणावर निवडला जात नाही. त्याचा अख्खा संसार बघितला जातो. गंज कसा, तारा जोडून घेतो का, धुणं-तापवणं सोसतो का, एकासारखे एक कोट्यवधी नळ देतो का. लग्नाच्या बैठकीत मुलाचा फक्त पगार विचारून भागत नाही, तसं.

३. मग अडलं कुठे?

१९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी एक निरीक्षण मांडलं : चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय. १९७५ मध्ये त्यांनी ते दोन वर्षांवर आणलं. हाच तो 'मूरचा नियम'. निसर्गाचा नियम म्हणून तो कधीच मांडलेला नव्हता. कारखानदारीची ती चाल होती, आणि सगळ्यांनी तीच धरून ठेवल्यामुळे ती खरी होत गेली. आता ती अडखळते, त्याची मुख्य कारणं तीन.

पहिलं, गळती. सिलिकॉनचे दोन शेजारी अणू एकमेकांपासून साधारण ०.२३५ नॅनोमीटरवर असतात. २००० नंतरच्या काही वर्षांत गेटखालचा पडदा घासत घासत १.२ नॅनोमीटरवर आला, म्हणजे जेमतेम पाच अणूंच्या थराचा. एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार निसटतात. भिंत न फोडता, वरून उडी न मारता पलीकडे दिसतात. पुंजभौतिकीत याला चक्क परवानगी आहे. मग २००७ मध्ये इंटेलने तो लाडका काचेचा पडदा बाजूला सारून त्या जागी मुख्यतः हॅफ्नियम धातूच्या ऑक्साइडचा जाड पडदा बसवला. ज्या गंजाने सिलिकॉनला राज्य मिळवून दिलं, तोच पदावरून उतरला!

दुसरं, उष्णता. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला वीजही त्याच प्रमाणात कमी लागे. २००५ च्या आसपास हे गणित मोडलं. म्हणून लॅपटॉपच्या जाहिरातीतला गिगाहर्ट्झचा आकडा तेव्हापासून तीन ते पाचच्या आसपास रेंगाळतोय. वेग वाढवता येत नाही म्हणून एकाच चिपवर चार, आठ, सोळा मेंदू बसवायची पद्धत आली.

तिसरं, ने-आण. आकडे एका ठिकाणी साठवलेले, हिशेब दुसऱ्या ठिकाणी. दर बेरजेला कोठारापासून स्वयंपाकघरापर्यंत खेप घालायची. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात हिशेबापेक्षा या हेलपाट्यांनाच पुष्कळदा जास्त वीज लागते.

इथे बातम्यांतला एक शब्द सोलून बघू. 'तीन नॅनोमीटरची चिप'. वाचणाऱ्याला वाटतं, ट्रान्झिस्टर तीन नॅनोमीटरचा. प्रत्यक्षात त्या चिपमध्ये एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचं अंतर ४५-५० नॅनोमीटरच्या घरात असतं. 'तीन' हे पिढीचं नाव आहे, मोजमाप नव्हे. जुन्या काळी नावांचा आणि मापांचा संबंध होता. तो तुटला तरी नाव चालूच राहिलं.

अजून एक. आजच्या 'सिलिकॉन चिप'मध्ये एकटा सिलिकॉन कुठे आहे? १९९७ मध्ये आयबीएमने अॅल्युमिनियमच्या जागी तांब्याच्या तारा आणल्या, २००७ मध्ये हॅफ्नियम आला. आणि २००३ पासून इंटेलच्या ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांना सिलिकॉनमध्ये मिसळलेला जर्मेनियम आहे. मागच्या दाराने गेलेला पाहुणा पुढच्या दाराने परत आला! 'सिलिकॉननंतर काय' या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे : सिलिकॉन जात नाही, त्याच्या घरात माणसं वाढतात.

४. उमेदवार कोण कोण?

ताकदीची कामं करणारे. सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड हे भविष्यातले नाहीत, आजचेच आहेत. इलेक्ट्रॉन मोकळा करायला सिलिकॉनमध्ये जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळपास तिप्पट यांच्यात लागते. त्यामुळे जास्त दाबाची वीज आणि जास्त उष्णता ते सोसतात. विजेवरच्या गाड्यांत बॅटरीची वीज मोटारीपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेत सिलिकॉन कार्बाइड आहे. हल्लीचे मुठीत मावणारे जलद चार्जर पुष्कळदा गॅलियम नायट्राइडचे असतात. निळा एलईडीही त्याचाच, आणि त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सिलिकॉन कार्बाइडला ऑक्सिजनमध्ये तापवलं की सिलिकॉन डायऑक्साइडच उगवतो, म्हणजे माहेरचा गंज तो सोबत घेऊन आलाय. हे पदार्थ चिपचा मेंदू व्हायला आलेले नाहीत. ते तिचे दंड आहेत.

एका अणूच्या जाडीचे. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलत सोलत एका अणूच्या जाडीचं ग्राफीन मिळवलं. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन अफाट चपळ. पण साधं ग्राफीन नळ म्हणून नापास, कारण हा नळ नीट बंदच होत नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्याकडून एक आणि शून्य कसं लिहून घेणार? म्हणून लक्ष मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडे वळलं. त्याचा एक थर ०.६५ नॅनोमीटरचा, आणि तो नळ चांगला बंद होतो. २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान इथे त्याचा एकेरी थराचा ट्रान्झिस्टर तयार झाला. २०२५ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाने त्याच पदार्थाचे सुमारे ५,९०० ट्रान्झिस्टर जोडून चालणारा प्रोसेसर दाखवला. अडचण? पुन्हा पडदाच. याचा पृष्ठभाग इतका निर्लेप की त्यावर दुर्वाहकाचा थर नीट धरत नाही. सिलिकॉनचा गंज किती मोलाचा होता, ते तो नसल्यावर कळतं. म्हणूनच २०२० मध्ये बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी बिस्मथ, ऑक्सिजन आणि सेलेनियम यांच्या एका संयुगावर सिलिकॉनसारखाच घरचा गंज उगवतो हे दाखवलं, तेव्हा जाणकारांचे कान टवकारले.

कार्बनच्या नळ्या. ग्राफीनची गुंडाळी करावी तशी कार्बनची सूक्ष्म नळी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत अशा नळ्यांचे १४ हजारांहून जास्त ट्रान्झिस्टर असलेला प्रोसेसर बनला आणि त्याने स्वतःची ओळख करून देणारा निरोप लिहून दाखवला. इथे खोट अशी की नळ्या तयार होताना साधारण तिसरा हिस्सा धातूसारखा वागणारा निघतो. तांदळातले खडे निवडावेत तशा त्या वेगळ्या काढायच्या, फक्त इथे दाण्यांची संख्या कोटी-अब्जांत असते.

आठवण ठेवणारे. चौथा मार्ग हेलपाटे वाचवण्याचा. १९७१ मध्ये लिऑन चुआ यांनी कागदावर एक घटक मांडला : त्यातून आधी किती वीज वाहून गेली हे लक्षात ठेवणारा रोधक, मेमरिस्टर. पाऊलवाटेसारखा. जिथून जास्त लोक गेले, तिथून पुढच्याला जाणं सोपं. २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियमच्या ऑक्साइडमध्ये असं वागणं सापडल्याचं जाहीर केलं. साठवण आणि हिशेब एकाच जागी झाला तर खेपा संपल्या. २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने एका रेणूच्या पातळ थरात अशा सुमारे १६,५०० वेगवेगळ्या अवस्था धरून दाखवल्या. नेहमीच्या नळाला फक्त दोन अवस्था असतात, हे आठवा.

क्वांटम. हा पूर्णच वेगळा गडी. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईची टीआयएफआर आणि डीआरडीओची पुण्यातली तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसही त्यात होती. हा प्रोसेसर अतिवाहक सर्किटांचा आहे. ती चालवायला जवळजवळ निरपेक्ष शून्याइतकी, म्हणजे उणे २७३ अंशांच्या आसपासची थंडी लागते. क्वांटम संगणक काही ठरावीक कोड्यांसाठी आहे. आपला प्रकल्प टाइप करायला तो येणार नाही.

५. यात इंदूर कुठे?

लालबागेतून अन्नपूर्णेवरून राजेंद्रनगरकडे गेलं की पुढे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लागतं. जुनी मंडळी अजून त्याला 'कॅट'च म्हणतात. पायाभरणी १९८४ ची, रामण्णांचं नाव २००५ मध्ये लागलं. बसमधून आपण ती भिंत कितीदा तरी बघितलेली असते. त्या भिंतीआड इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत.

सिंक्रोट्रॉन म्हणजे काय? इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने एका कड्यात फिरवायचे. चुंबकांनी त्यांना वळवलं की प्रत्येक वळणावर ते प्रखर प्रकाश फेकतात. ओल्या कपड्याला गरगर फिरवलं की थेंब बाहेर उडतात ना, डोळ्यांपुढे तसं काहीतरी आणा. इंडस-२ चं कडं १७२.५ मीटर घेराचं आहे आणि त्यातून मुख्यतः क्ष-किरण मिळतात. हे किरण एखाद्या पातळ थरावर टाकले की पदार्थ बोलायला लागतो : थर किती जाड आहे, दोन थरांची सीमा किती गुळगुळीत आहे, एखाद्या अणूच्या शेजारी कोण बसलंय आणि किती अंतरावर. मागच्या भागात आपण अडलो कुठे होतो? पदार्थ आणि त्याचा पडदा यांच्या सीमेवरच. ती सीमा बघायचा दिवा आपल्या गावात आहे.

इंडस-१ धाकटं, पण त्याची एक गोष्ट खास चिपशी जोडलेली आहे. आजच्या सगळ्यात बारीक चिपा १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने छापतात. हा प्रकाश काचेच्या भिंगातून जातच नाही, भिंगच त्याला गिळून टाकतं. म्हणून मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनचे नॅनोमीटर जाडीचे थर एकावर एक रचून खास आरसे करावे लागतात. असे बहुथरी आरसे किती प्रकाश परतवतात, हे मोजायची सोय इंडस-१ वर आहे. म्हणजे चिप छापायची नसली तरी ती छापणाऱ्या आरशाची पारख इथे होते.

दुसरी जागा सिमरोलची आयआयटी. तिथल्या एका गटाने यिट्रियम धातूच्या ऑक्साइडचे मेमरिस्टर बनवून त्यांच्या जाळ्या विणल्या आहेत. बघा, इथेही ऑक्साइड, म्हणजे पुन्हा गंजाचंच घराणं! खंडवा रस्त्यावर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाचं संयुक्त संशोधन केंद्र आहे. ते देशभरातल्या विद्यापीठांच्या संशोधकांना पदार्थ तपासायच्या सोयी पुरवतं. दूरदूरचे विद्यार्थी रेल्वेने इंदूरला नमुने घेऊन येतात. आपण मात्र सराफ्यात कुठे काय खायचं, तेवढंच त्यांना सांगू शकतो.

६. बातमी वाचताना विचारायचे तीन प्रश्न

एक : असे किती बनवले आणि त्यातले किती चालले? एक ट्रान्झिस्टर चालणं म्हणजे एक ओवी लिहिणं. कारखान्याला अख्खी पोथी एकसारख्या अक्षरात हवी असते.

दोन : कुठल्या परिस्थितीत चालला? किती अंशांवर, किती वेगाने, किती काळ?

तीन : आजच्या कारखान्यात तो बसतो का? नव्या पदार्थासाठी अख्खा कारखाना मोडायचा असेल, तर तो पदार्थ कितीही गुणी असो, वरात लांबणीवर पडणार.

मघाच्या फुदानच्या प्रोसेसरवर हे लावून बघू. किती? सुमारे ५,९००. एम-१ च्या १,६०० कोटींपुढे काहीच नाही, पण ४००४ च्या २,३०० पेक्षा दुपटीहून जास्त. परिस्थिती? वेग किलोहर्ट्झच्या घरातला, म्हणजे आपल्या फोनच्या लाखो पट मागे. कारखान्यात बसतो का? बनवण्याच्या बऱ्याच पायऱ्या नेहमीच्या यंत्रांवरच होतात, हे त्याचं बलस्थान. निष्कर्ष : 'सिलिकॉन संपला' ही बातमी खोटी, 'काहीच झालं नाही' ही बातमीही खोटी. हा पदार्थ आज साधारण तिथे उभा आहे, जिथे सिलिकॉन १९७१ मध्ये होता. फरक एवढाच की तेव्हा सिलिकॉनसमोर सिलिकॉनसारखा पैलवान नव्हता.

७. आपलं काय पणाला लागलंय?

सिलिकॉनच्या पंगतीत आपण उशिरा बसलो. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कारखान्यात १९८० च्या दशकात काम सुरू झालं, पण १९८९ मध्ये तिथे आग लागली आणि गाडी रुळावर यायला वर्षं गेली. तिथे आज १८० नॅनोमीटर पिढीच्या चिपा बनतात. अंतराळयानासाठी त्या कामाच्याच आहेत, कारण तिथे भरवशाला किंमत असते. गुजरातेत धोलेऱ्याच्या टाटांच्या कारखान्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तो २८ नॅनोमीटर आणि त्याआधीच्या पिढ्यांसाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये ओडिशात सिलिकॉन कार्बाइडचा कारखाना मंजूर झाला. ही पहिली पावलं आहेत, आणि शेवटचं पाऊल सिलिकॉनपलीकडच्या वाटेवरचं आहे.

कच्च्या मालाचंही राजकारण आहे. २०२३ मध्ये चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, आणि ज्या धातूंची नावं फक्त रसायनशास्त्राच्या तक्त्यात होती ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली. गॅलियमची स्वतंत्र खाण सहसा नसते. तो बॉक्साइटपासून अॅल्युमिनियम काढताना हाती लागणारा जोडमाल आहे. बॉक्साइट आपल्या देशातही आहे. खनिजातून तो थेंब थेंब वेगळा काढणारं रसायन मात्र शिकावं लागेल.

इथे मुद्दा घरापर्यंत येतो. माझा धाकटा भाऊ बी.एस्सी.ला आहे. फिजिक्स त्याच्या आवडीचं. कुणीही भेटलं की एकच सल्ला : "फिजिक्समध्ये काय ठेवलंय? कोडिंग कर." कोडिंग वाईट नाही. पण या लेखातले अडथळे आठवा. पडदा धरत नाही, नळ्या निवडता येत नाहीत, सीमा गुळगुळीत होत नाही. यातला एकही अडथळा नुसतं कोड लिहून सुटणार नाही. त्याला पदार्थ हातात धरणारी, तापवणारी, धुणारी, मोजणारी माणसं लागतील. जिथे सगळे चिप वापरायला शिकतात आणि पदार्थ ओळखायला कुणीच शिकत नाही, ते गाव कायम गिऱ्हाइकच राहतं. त्याच्याच वेशीवर सिंक्रोट्रॉन असला तरीही.

आणि आपण, साहित्यवाले? आपण प्रयोग करणार नाही. पण त्या भावाला घरच्यांसमोर आपलं म्हणणं मराठीत मांडता यावं, आजीला सिंक्रोट्रॉन म्हणजे काय ते समजावता यावं, एवढी भाषा तयार ठेवणं हे आपल्या अंगणातलं काम आहे.

चर्चेसाठी

१. 'अर्धवाहक' या शब्दाने गैरसमज होतो का? याहून चांगला शब्द सुचवा आणि का ते सांगा.
२. गेल्या महिन्यातली चिपबद्दलची एक बातमी आणा. तिला वरचे तीन प्रश्न विचारा. कुठल्या प्रश्नाचं उत्तर बातमीने गाळलंय?
३. सिलिकॉन 'गंजामुळे' जिंकला. एखाद्या वस्तूचा, माणसाचा किंवा भाषेचा दोष वाटणारा गुणच तिच्या उपयोगी पडला, असं दुसरं उदाहरण तुमच्या वाचनातून द्या.
४. घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला ट्रान्झिस्टर म्हणजे काय ते पाच वाक्यांत समजावून सांगा. त्यांनी मधेच विचारलेला पहिला प्रश्न लिहून आणा. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच प्रश्नांनी करू.